लॉकवरचे नाव म्हणजे घडवणाऱ्याचे नाव नव्हे

नमस्कार. ओहायोतील आपल्या वृद्ध शेजाऱ्यांनी घर सोडताना आपल्याला दिलेली लांब नळीची ठासणीची बंदूक, तिच्या लॉकवर (चाप ओढल्यावर बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर) कोरलेले 'गोलचर' हे नाव, आणि 'रविवारी ती स्वच्छ करून नीट छायाचित्रे टाकतो, तोवर हा गोलचर कोण हे कुणी सांगेल का' हा आपला प्रश्न वाचून मी हातातले काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण अकरा वर्षांपूर्वी माझ्याकडेही जवळजवळ अशीच बंदूक होती, तिच्या लॉकवर हेच नाव होते आणि असाच एक रविवार मला फार महागात पडला. कृपा करून ती बंदूक स्वच्छ करू नका.

मी शस्त्रांचा अभ्यासक नाही. पेनसिल्व्हेनियात नोकरी करणारा आणि एका शेत-लिलावात नादाला लागलेला माणूस आहे, तेव्हा माझे म्हणणे त्याच मापाने घ्यावे.

गोलचर हे नाव फिलाडेल्फियाच्या लॉक बनवणाऱ्यांचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांची लॉके दूरदूरच्या दुकानांतून विकली जात आणि गावोगावचे बंदूककार ती घेऊन आपल्या कामात बसवत. त्याआधीच्या पिढीत इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या केटलँड या कंपनीची लॉके अशीच चालत असत, पण म्हणून त्या बंदुका कुणी बर्मिंगहॅमच्या म्हणत नाही. नळीसुद्धा पुष्कळदा विकतचीच असे. बंदूककाराचा खरा हात दिसतो तो मेपलच्या दस्त्याच्या वळणात, त्यावरच्या कोरीवकामात, पितळी पॅचबॉक्समध्ये (दस्त्यातल्या झाकणाच्या लहान कप्प्यात) आणि हे सगळे एकमेकांत बसवण्याच्या सफाईत. सही केलीच असेल तर ती तो बहुधा अष्टकोनी नळीच्या वरच्या पट्टीवर, मागच्या माशीच्या (नेम धरण्याच्या खुणेच्या) आसपास करीत असे. अनेकांनी ती कधीच केली नाही, हेही मनाशी धरून ठेवावे.

शिवाय चकमकीच्या ठिणगीने बार पेटवण्याची पद्धत मागे पडून स्फोटक टोपीची आली तेव्हा अनेक जुन्या बंदुकांची लॉके बदलून घेतली गेली. माझ्या बंदुकीत लॉकच्या शेपटाकडे, लाकडाच्या खाचेत, नखाएवढी एक चपटी ढलपी वेगळ्या रंगाच्या लाकडाने भरलेली होती, म्हणजे त्या खाचेत पूर्वी निराळ्या आकाराचे लॉक बसत होते. ती ढलपी मी रोज पाहत होतो, आणि तरीही पूर्ण दोन वर्षे गोलचरांची वंशावळ शोधत बसलो होतो.

आता त्या रविवाराविषयी. दिवाळी तोंडावर होती, घरी पाहुणे यायचे होते आणि बंदूक बैठकीच्या भिंतीवर लावावी असे मी ठरवले होते. आईने समया घासायला काढल्या होत्या, त्याच चिंच-मिठाने मी पॅचबॉक्स आणि दस्त्याची पितळी टाच लख्ख केली, आणि नळीवरचा तपकिरी थर म्हणजे निव्वळ गंज अशा समजुतीने तारेच्या घासणीने दीड तास तो खरवडून काढला. वरची पट्टी सगळ्यांत जास्त घासली, कारण ती भिंतीवरही दिसणार होती. या सह्या यंत्राने ठोकलेल्या नसतात, हाताने आणि बऱ्याचदा अगदी उथळ कोरलेल्या असतात. दोनशे वर्षांचा तो थरच त्या रेघांना गडद करून वाचनीय ठेवत असतो. पाहुण्यांपैकी एकाने मोबाइलचा दिवा नळीला जवळजवळ समांतर धरला, तेव्हा मला एक उभी रेघ दिसली, मग थोडी मोकळी जागा, आणि मग खाली उतरणाऱ्या दोन सारख्या शेपट्या, एकीला एक लागून. बाकी सगळे मी स्वतःच्या हाताने पुसले होते.

यावर मीठ चोळले ते एका मूल्यांकनकाराने. दीडशे डॉलर घेऊन त्याने मला जे पत्र दिले त्यात 'घडवणारा: गोलचर, फिलाडेल्फिया' एवढाच निष्कर्ष होता. लॉकवरचे नाव मलाही वाचता येत होते. ज्याला नळी लाकडातून सोडवायचीही गरज वाटत नाही, खाचेतली ढलपी दाखवली तर जो 'किरकोळ दुरुस्ती' म्हणतो, त्याच्या छापील पत्राला मी तरी किंमत देणार नाही. (नळी आपण होऊन सोडवू नका. ती बारीक खिळींनी धरलेली असते, आणि खिळ ठोकताना पुढचे पातळ लाकूड चिरते.)

सही गेल्यावर उरते ते घराणे. इथले जाणकार 'स्कूल' म्हणतात, पण आपल्या गायकीतला शब्द मला अधिक चपखल वाटतो, कारण गुरूच्या हाताचे वळण शिष्याच्या हातात उतरते तसेच हे आहे. पेनसिल्व्हेनियातल्याच लँकेस्टरच्या दस्त्याच्या रेषा सरळ असतात आणि पॅचबॉक्सच्या टोकाशी अनेकदा डेझीचे फूल असते. तिथल्याच लीहाय खोऱ्यातला दस्ता वरून कमानीसारखा वाकलेला असतो आणि पुढच्या लाकडाच्या खालच्या अंगाला कधीकधी एक मानवी मुखवटा कोरलेला आढळतो, ज्याला संग्राहक 'इंडियन हेड' म्हणतात. माझ्या बंदुकीला ती कमानही होती आणि तो मुखवटाही, म्हणून घराणे ठरले. त्या दोन शेपट्या पाहून एका वृद्ध संग्राहकांनी रुप (इंग्रजीत Rupp) या आडनावाची शक्यता वर्तवली. पण त्या कुटुंबात हरमन रुप आणि जॉन रुप असे एकाहून अधिक बंदूककार झाले, आणि माझ्याकडे पहिल्या अक्षराची केवळ एक उभी रेघ शिल्लक आहे. त्यामुळे माझ्या नोंदीत आजही 'रुपांपैकी कुणाचे काम असावे' एवढेच लिहिलेले आहे. घराण्यावरून गाव ठरवतानाही जपून असावे. जेकब कुंट्झ हा बंदूककार लीहायमध्ये शिकून पुढे फिलाडेल्फियाला गेला आणि हाताचे वळण सोबत घेऊन गेला.

नाव हाती लागलेच तर करनोंदी पाहाव्यात, त्यांत व्यवसाय लिहिलेला सापडतो. मात्र आजच्या नकाशावर विसंबू नये: लीहाय काउंटी (म्हणजे जिल्हा) 1812 मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून निघाली आणि लेबनॉन 1813 मध्ये डॉफिन व लँकेस्टरमधून, त्यामुळे त्याआधीचा माणूस मूळ काउंटीच्या दप्तरात शोधावा लागतो. बंदूककारांची जर्मन आडनावे इंग्रजी कारकुनांनी कानाला येतील तशी लिहिली आहेत. कुंट्झचे कून्स झालेले असते.

आणखी एक गोष्ट, जी आपण केली असेलच: नळीत लाकडी गज हळूच घालून तो कुठवर जातो ते बाहेरून मोजून पाहा. तो मागच्या टोकापासून दोन-तीन इंच अलीकडेच अडत असेल तर आत जुना बार (ठासलेली दारू आणि गोळी) शिल्लक असू शकतो, आणि मग ती जाणकाराकडेच न्यावी. कायद्याने 1898 पर्यंतच्या बंदुका इथे 'अँटिक' धरल्या जातात खऱ्या, पण राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका.

आपल्या तिसऱ्या छायाचित्रात, मागच्या माशीच्या पुढे साधारण दोन इंचांवर, तपकिरी थरात काही बारीक रेघा एका ओळीत असल्यासारख्या दिसतात. तो गंजाचा भासही असेल. रविवारी घासणीऐवजी खोलीत अंधार करून एक दिवा नळीच्या अगदी कडेने धरा, आधी डावीकडून आणि मग उजवीकडून, आणि ती दोन छायाचित्रे इथे टाका.