चाळीस घरं आणि कामावर फक्त तीन बायका?

प्रश्न: ताई, मी सोलापूरला साखर पेठेत राहते, बीए सेकंड इयरला आहे. आपल्या भागात कोण लोक राहतात असा प्रोजेक्ट दिलाय. चाळीस घरं फिरून फॉर्म भरले, त्यात कमावणाऱ्या बायका तीनच निघाल्या, बाकी सगळ्या गृहिणी. हे बरोबर वाटतं का? आणि लोक मातृभाषा तेलुगू पण सांगतात, मराठी पण, मग काय लिहू?

उत्तर: अगं तीन कसं शक्य आहे, पूर्व भागात राहतेस ना तू! तू विचारलं असशील "नोकरी करता का", आणि त्या म्हणाल्या असतील "काही नाही, घरीच असते", आणि हे म्हणताना मांडीवर सूप, पान कापणं चालू, हजार विड्या पुऱ्या करायची घाई. मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, घर त्यावर चालतं, पण बाईला स्वतःला ते काम वाटत नाही कारण उंबऱ्याच्या आत होतं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण जनगणनेत पण असंच होतं, विचारणारा घाईत असला की बाई "काम न करणारी" होऊन जाते. घरातला उद्योग असा वेगळा रकाना जनगणनेत आहे, वर्षात सहा महिने किंवा जास्त काम केलं तर ती मुख्य कामगार धरतात. म्हणून परत जा आणि सरळ विचार, विड्या वळता का, टॉवेलला शिलाई मारता का, किती महिने.

भाषेचं सोपं आहे, लहानपणी आई ज्या भाषेत बोलायची ती मातृभाषा, जनगणनेची व्याख्याच ती आहे. तेलंगणातून पद्मशाली विणकर मागावर, गिरणीत कामाला आले त्याला कितीतरी पिढ्या झाल्या, नातवंडं मराठी शाळेत शिकली तरी आजी घरात तेलुगूच बोलते. मराठी, कन्नड, उर्दू जे येतं ते "येणाऱ्या इतर भाषा" मध्ये घे. हे तुलाच विचारावं लागणार, कारण 2011 च्या वॉर्डवार तक्त्यात लोकसंख्या, साक्षर, कामगार मिळतात, भाषा नाही.

अजून एक, 2011 ला शहर 9,51,558 लोकांचं होतं पण तो आकडा जुना झाला, पेठेतलं चित्र त्यावरून काढू नकोस. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची 10,000 घरं झाली 2006 ला, नंतर 2024 च्या जानेवारीत तिथल्याच रे नगर वसाहतीतली 15,000 घरं कामगारांना दिली, म्हणजे पेठेतल्या भाड्याच्या खोल्यांतून कोण तिकडं गेलं आणि त्या खोलीत आता कोण आलं हे विचारशील तर प्रोजेक्टला खरा जीव येईल. पोरगा पुण्याला कामाला असेल तर त्याला इथं मोजू नको, वेगळं लिही.

आणि सकाळी नको जाऊस, वळलेल्या विड्या द्यायला कारखान्याच्या ब्रँचला गेलेल्या असतात. दुपारी जा, चार-पाच जणी एकत्र बसलेल्या सापडतील, त्यांच्याजवळ बस आणि मग विचार.