जुन्या चित्रातली जागा आज जाऊन पाहिली, तर चित्र खरं की खोटं ते कळतं का?

नाही कळत. शनिवारवाड्यात भर उन्हात तासभर भांडून मी हे शिकलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

माझ्या हातात थॉमस डॅनियल या इंग्रज चित्रकाराच्या, पेशव्यांच्या दरबाराच्या चित्राची रंगीत झेरॉक्स होती. तुम्हीही ते कुठे ना कुठे पाहिलं असेलच: सवाई माधवराव, नाना फडणवीस, टिपूविरुद्धच्या १७९०च्या तहासाठी आलेला इंग्रजांचा वकील मॅलेट, वर महिरपी, मागे गणपती. मूळ चित्र लंडनला टेट संग्रहालयात आहे. बरोबर चुलतभाऊ होता. मी त्याला दादा म्हणतो. सिव्हिल इंजिनिअर, सगळी हयात साइटवर गेली. त्याने चित्रातले खण मोजले, खिशातून टेप काढला, जोत्याला लावला आणि निकाल दिला, "बसत नाही. एवढी माणसं इथे मावतीलच कशी? ठोकून दिलंय लेकाने." मुळात आपण गणेश महालाच्या, म्हणजे जिथे तो दरबार भरला त्याच दिवाणखान्याच्या जोत्यावर उभे आहोत का, हेसुद्धा ठरलं नव्हतं. तेवढ्यात रखवालदाराने शिट्टी मारून आम्हाला खाली उतरवलं.

आता मला सांगा, १८२८च्या आगीत वरचं सगळं लाकूडकाम गेलं. उरले तट, दरवाजे आणि दगडी जोती. जोत्यावरून महिरपीची उंची सांगणार? छताचं नक्षीकाम सांगणार?

बरं, डॅनियल त्या दरबारात नव्हताच. त्याने चित्र काढलं जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराच्या अभ्यासचित्रांवरून. वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली, म्हणजे तह होऊन गेल्यावर. १७९५ला वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवराव वाड्यातून पडून गेले, १८००ला नाना. आणि चित्र रंगवून लोकांसमोर आलं १८०५ साली, लंडनमध्ये. शाळेच्या भाषेत सांगायचं तर हे स्मरणचित्र, आणि तेही दुसऱ्याच्या स्मरणाचं. हे ऐकून दादा खूश. "म्हणजे खोटंच की!"

तसं नाही. वेल्सने पुण्यात राहून ही माणसं प्रत्यक्ष पाहून काढली होती. पेशवे आणि नानांचं त्याचं १७९२चं चित्र आहेच. म्हणून मी चेहरे खरे धरतो, पगड्या खऱ्या धरतो, आणि कोण कुणाशेजारी बसलंय ती चित्रकाराची मांडणी समजतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर एवढंच. ताडून बघायची हौसच असेल तर वेरूळला जा. वेल्सने काढलेली तिथली लेणी डॅनियलने १८०३ साली छापून काढली, आणि कातळ कुठे जळत नाही की पडून तिथे सोसायटी उभी राहत नाही.

आमचा वाडा मात्र पडला. कसब्यात होता. आता तिथे पाच मजली इमारत आहे आणि जुन्या खांबाचा एक तळखडा पार्किंगमध्ये पडलाय, त्यावर वॉचमन डबा खातो. वाडा पाडल्यावर दोन वर्षांनी मी आठवणीतून चौकाचं जलरंगातलं चित्र केलं. हौद, तुळस, माजघराचं दार, वर जाणारा जिना. सगळं घर जमलं बघायला. काकूंचे डोळे भरून आले. आणि दादा म्हणाला, "जिना डावीकडे होता." बस. त्यानंतर चित्राबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, सगळे जिन्यावरच घसरले.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं आहे: टेप घेऊन चित्र बघणाऱ्याला चित्र दाखवूच नये. मोजमाप हवं तर नगरपालिकेचा नकाशा बघा. त्यात हौद असेल, पण हौदाच्या काठावर दुपारी जे हिरवट ऊन पडायचं ते नसेल. हल्ली जुनं चित्र आणि आजचा फोटो शेजारी चिकटवून 'तेव्हा आणि आता' करायची टूम आहे, तीही मला पोरकट वाटते. चार सेकंद बघायचं, 'अरेरे' म्हणायचं, पुढे सरकायचं.

हे सगळं एका नोकरदार हौशी चित्रकाराचं मत आहे, मी इतिहासाचा अभ्यासक नाही. डॅनियलचं मूळ चित्र मी पाहिलेलं नाही, झेरॉक्सवरच बोलतोय. आणि दादाचा टेप अगदीच बिनकामाचा नाही, वाडे पाडायच्या आधी कुणी तो लावला असता तर बरंच वाचलं असतं.

पण जिना उजवीकडेच होता. सहा वर्षांचा असताना मी त्यावरून गडगडलोय, हनुवटीला उजव्या बाजूला तीन टाके आहेत. दादाला दाखवले तर म्हणतो, "उतरताना पडलास ना? मग उजवं ते डावं."