३८१६५४७२९० या संख्येत एवढं काय आहे?

तुम्ही विचारलंय की निव्वळ मोठी म्हणून नव्हे, तर गुणधर्मामुळे लक्षात राहील अशी एखादी मोठी संख्या कोणती. माझं उत्तर ३८१६५४७२९०. म्हणजे तीन अब्ज एक्क्याऐंशी कोटी पासष्ट लाख सत्तेचाळीस हजार दोनशे नव्वद.

हिच्यात ० ते ९ सगळे अंक एकेकदाच आलेत. आता डावीकडून एकेक अंक वाढवत जा. ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, ३८१६५ ला ५ ने, आणि असंच थेट पूर्ण संख्येला १० ने. दहा अंकांच्या ३६,२८,८०० मांडण्या होतात. त्यांतली ही एकटीच या अटीत बसते!

एकटीच कशावरून? शाळेत शिकलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या पुरतात, आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. दहावा अंक ० ठरलेला, म्हणून पाचवा ५. सम जागांवर सम अंक, तेव्हा विषम जागांवर विषमच. तिसरा अंक विषम, म्हणून ४ च्या कसोटीने चौथा २ किंवा ६ च. आठव्याचंही तेच. दुसऱ्या आणि सहाव्या जागेला उरले ४ आणि ८. पहिल्या तीन अंकांच्या बेरजेला ३ ने भाग जातो, पहिल्या सहांच्याही. म्हणजे चौथा, पाचवा, सहावा यांच्या बेरजेलाही जायलाच हवा. तिथे २५८ नाहीतर ६५४ एवढंच बसतं. मग ८ ची कसोटी सातवा अंक आवळते, ३ ची पहिला आणि तिसरा. ९ ची काळजी नको, कारण १ ते ९ ची बेरीज ४५. शेवटी हातात दहाच संख्या राहतात. कागद घेऊन करून बघा, फार वेळ लागत नाही.

राहिला ७. त्याच्यासाठी सरळ भागाकारच करायचा. १८३६५४७ ला बाकी उरते ६, ९८७६५४३ ला ५. दहापैकी नऊ इथेच गळतात. ३८१६५४७ मात्र बरोबर ७ × ५४५२२१.

अर्थात हे दशमान पद्धतीपुरतं, म्हणजे दहाच्या पटींत जागा मोजणाऱ्या, पाया १० असलेल्या पद्धतीपुरतं. पाया ६ घेऊन (जागांची किंमत सहाच्या पटींत) १ ते ५ अंक एकेकदाच वापरले तर दोन उत्तरं मिळतात, १४३२५ आणि ५४३२१. पाया विषम असेल तर एकही नाही.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली तर दहाच्या पुढेही जाता येतं, ११ अंकांना ११ ने, १२ अंकांना १२ ने भाग. पण भाजक वाढत जातो आणि हाताशी अंक मात्र दहाच, त्यामुळे वाट कुठेतरी बंद होणारच. ती २५ अंकांवर बंद होते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. हिच्यापुढे कुठलाही अंक लिहा, २६ ने भाग जात नाही.