पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही: आधी सेल काढणं थांबवा

डिचोलीहून तुम्ही लिहिलंय की रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड आणि १६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम घेऊन मशीन घरीच जोडलं. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळीच. अर्धा-एक मिनिट बघून बंद करता, व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे बोर्डावरचा गोल बटणासारखा सेल काढून परत लावता, आणि पुन्हा तेच. कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात. दुकानदार बोर्ड बदलू म्हणतो, आणि चवथीपूर्वी मशीन चालू व्हायला हवं.

बोर्ड इतक्यात परत करू नका. एएम५ बोर्डावर (एएम५ म्हणजे तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट, तुमचा बी६५० त्यातलाच) नवी डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होते तेव्हा बोर्ड तिच्याशी सिग्नलचं टायमिंग जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीनवर काहीच दिसत नाही, बोर्डावरचा 'डीरॅम' लिहिलेला बारीक दिवा लागून राहतो, कधी मशीन आपोआप बंद होऊन चालूही होतं. यात सहज काही मिनिटं जातात, कधी दहा-पंधराही. तुम्ही मधेच बटण दाबता, काम अर्धवट राहतं. सेल काढला की जुळवलेलं सगळं पुसलं जातं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. जुन्या मशीनवर हा उपाय लागू पडायचा म्हणून लोक अजून सांगतात, पण इथे तोच तुम्हाला नडतोय.

मात्र आधी झिणझिण्यांचं बघा. एसएमपीएसच्या, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटवर साधारण निम्मा व्होल्टेज येतो. करंट अगदी कमी असतो, तरी पावसात ओल्या पायांनी तो चांगलाच जाणवतो, आणि चालू मशीनला एचडीएमआय लावताना पोर्ट जळू शकतो. आपल्याकडच्या जुन्या चिऱ्यांच्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, पण मागे वायरच नसते. वायरमनला फेज आणि अर्थमध्ये मीटर लावायला सांगा, २३० च्या आसपास दाखवायला हवं. 'न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडतो' म्हणाला तर साफ नको म्हणा. न्यूट्रल कुठे तुटला तर अख्खं कॅबिनेट फेजवर येईल. त्यात जीव जाऊ शकतो.

अर्थिंग ठीक झालं की प्लग काढून जोडणी तपासा. ग्राफिक कार्ड असेल तर उतरवा. ७६०० मध्ये डिस्प्ले आतच आहे, एचडीएमआय बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा. रॅम एकच ठेवा, चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरकडून दुसऱ्या खाचेत. पुष्कळ बोर्डांवर क्लिप एकाच टोकाला असते. त्या बाजूने 'टक्' वाजतं आणि दुसरं टोक केसभर वर राहतं, वरून बघून कळतही नाही. दोन्ही टोकं अंगठ्याने नीट दाबा. प्रोसेसरजवळच्या कोपऱ्यातला आठ पिनचा प्लगही बघा. तो सुटलेला असला तरी पंखे फिरतात! त्यावर 'सीपीयू' लिहिलेली चार-अधिक-चारची वायर हवी, ग्राफिक कार्डाची सहा-अधिक-दोनची नव्हे.

मग चालू करा आणि वीस मिनिटं हात लावू नका. यूपीएस असेल तर त्यावरच, कारण पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, आणि मधेच गेली तर परत पहिल्यापासून.

तरीही 'डीरॅम'चा दिवा तसाच राहिला तर दुसरी रॅम, मग दुसरी खाच, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ देऊन. 'सीपीयू'चा दिवा राहिला तर प्रोसेसर काढून सॉकेटमध्ये टॉर्च तिरका धरून बघा. एएम५ला पिना बोर्डात असतात, १७१८. वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी चमकते. बोट लावू नका, फोटो काढा.

डिस्प्ले आला की मशीन बंद करून दुसरी रॅम लावा. तेव्हा पुन्हा थांबावं लागेल, घाबरू नका. एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं बायोसमधलं सेटिंग, त्यानंतरच चालू करा. अडलंच तर बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि कोणता दिवा लागून राहतो ते कळवा. बोर्ड परत करायचाच झाला तर सॉकेटचा फोटो दुकानात नेण्याआधी काढून ठेवा.