अपसारित नव्हे, अपसारी

प्रश्न असा: फूरिये श्रेढीवरच्या (म्हणजे साइन-कोसाइन लाटांच्या अनंत बेरजेवरच्या) एका टिपणात "|साइन क्ष| भागिले क्ष, याचा शून्यापासून अनंतापर्यंतचा समाकल अपसारित होतो हे सिद्ध करा" असं वाक्य आहे (समाकल म्हणजे इंटिग्रल, आलेखाखालचं क्षेत्रफळ). हे मराठी बरोबर का? आणि अपसारित म्हणजे उत्तर अनंत, असंच ना?

दोन्ही नाही. 'अपसारित' ऐकलं की माझं डोकंच उठतं. हे प्रयोजक रूप आहे. अपसारित म्हणजे हाकलून दिलेला. समाकलाला कोणी हाकललं? तो आपणहून अपसरतो, म्हणून अपसारी. 'समाकल अपसारी आहे', बस. शाळेत सगळे अपसारी भिंग निमूट शिकतात, तिथे कोणाला हा 'त' सुचत नाही.

अर्थाची किल्ली उपसर्गात आहे. धातू 'सृ', म्हणजे सरकणं. 'अभि' म्हणजे कशाच्या तरी दिशेने. अभिसारिका रात्री निघते ती ठरल्या जागी, संकेतस्थळी (या बिचाऱ्या शब्दाचं हल्ली काय झालंय ते बघताच आहात). अभिसारी श्रेढीलाही अशीच एक ठरलेली संख्या गाठायची असते. 'अप' मात्र नुसतं 'दूर' म्हणतो, कुठे ते सांगत नाही. नुसत्या साइन क्षचा शून्यापासून समाकल घेत जा: तो ० आणि २ यांच्यात झोके घेत राहतो, अनंताच्या वाटेलाही जात नाही. तरी अपसारीच, कारण संकेतस्थळ नाही.

आणि आता ओसरणे! प्राकृतात 'अप'चा 'ओ' होतो. अपसरतिचं ओसरइ, त्यावरून आपलं ओसरणे. काही पंडित ते 'अवसृ'वरून काढतात. 'अव'चाही 'ओ' होतो, कबूल. पण 'अव' म्हणजे खाली. पूर खाली जातो म्हणा हवं तर. गर्दी ओसरते ती काय जमिनीत जाते? ती दूर जाते. गर्दीचं उत्तर द्या, मग 'अव'चं बोलू. माझ्या लेखी ओसरणे आणि अपसरणे ही सख्खी भावंडं. एक बोलीत वाढलं, एक पाठ्यपुस्तकात. स्वभाव मात्र उलटे: पूर ओसरला की पाणी घटतं, आणि प्रश्नातला हा अपसारी समाकल फुगतच जातो. 'रक्ताभिसरण' घडवणाऱ्यांवर तर माझा वेगळाच राग आहे. गोल फिरणाऱ्या रक्ताला कसलं आलंय 'अभि'!

हां, सिद्धता राहिलीच. |साइन क्ष| च्या कमानी पाय-पाय (π-π) रुंदीच्या, प्रत्येकीचं क्षेत्रफळ २. न-व्या कमानीत क्ष फार तर न गुणिले पाय, म्हणून तिचा वाटा निदान २ भागिले (न गुणिले पाय). बेरीज करा: २/पाय बाहेर काढलं की कंसात १ + १/२ + १/३ + १/४ + … उरतं. १/३ आणि १/४ मिळून अर्ध्याहून जास्त, पुढची चार पदं मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त, पुढची आठही तशीच. असे अर्धे कधी संपतच नाहीत, म्हणून बेरीज कुठेच थांबत नाही. ही युक्ती चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेमची. झालं.

त्या दोन उभ्या रेघा (ऋण किमतीला धन करणाऱ्या) काढल्या तर मात्र धन-ऋण कमानी एकमेकींना खातात आणि तोच समाकल पाय/२ वर स्थिरावतो. रेघांसकटची वाढ फूरिये श्रेढीत डिरिश्लेच्या गाभ्यातून (श्रेढीच्या पहिल्या काही पदांची बेरीज ज्याच्या समाकलातून मिळते त्या फलनातून) शिरते, लॉगॅरिथमच्या संथ चालीने. १८७३ मध्ये जर्मन गणिती पाउल द्यु ब्वा-रेमाँने एक संतत (आलेख कुठेही न तुटणारं) फलन दाखवलं, ज्याची फूरिये श्रेढी एका बिंदूपाशी अपसारी आहे. तिलाही कोणी हाकललेलं नव्हतं.