दुसऱ्या महायुद्धात रात्री सर्वाधिक विमानं पाडणारा जर्मन वैमानिक कोण?

हाइन्ट्स-वोल्फगांग श्नाउफर. त्याच्या नावावर १२१ विमानं आहेत, आणि ती सगळी रात्रीच पाडलेली. पहिलं जून १९४२ मध्ये. २१ फेब्रुवारी १९४५ या एका तारखेला तर त्याने नऊ लँकेस्टर (ब्रिटिश बॉम्बर विमानं) पाडली: दोन पहाटेपूर्वी, सात संध्याकाळी.

श्रेय एकट्याचं नव्हे, हे मात्र सहसा विसरलं जातं. त्याच्या मेसरश्मिट ११० या लढाऊ विमानात मागे रडार सांभाळणारा फ्रिट्स रुम्पेलहार्ट काळोखात सावज शोधून द्यायचा. शिवाय वरच्या दिशेने तिरक्या बसवलेल्या तोफा होत्या. बॉम्बरच्या पोटाखाली शिरायचं आणि गोळ्या झाडायच्या. बऱ्याच लँकेस्टरना खाली बघायची सोयच नव्हती!

युद्धानंतर त्याने घरचा वाइनचा धंदा सांभाळला. १९५० मध्ये फ्रान्समध्ये रस्ता अपघातात गेला, वय अवघं २८.