आधी मेडिकल, मग पेपर, पैसे सगळ्यात शेवटी

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही आहेत. दहावीपासून एकच धोशा, पायलट व्हायचंय. दोन्ही डोळ्यांना उणे दोनच्या आसपास चष्मा आहे. परवा एका सेमिनारला गेलो होतो. ‘18 महिन्यांत थेट एअरलाइनमध्ये, नोकरीची हमी’ असं सांगून त्यांनी महिनाअखेरपर्यंत दोन लाख रुपये बुकिंग भरायला सांगितलंय. मिस्टर पुढच्या वर्षी निवृत्त होतायत. पीएफ त्यातच घालू, कमी पडलं तर फ्लॅट गहाण ठेवू, असं ते म्हणतात. चष्मा असला की घेतच नाहीत, शिवाय मुलीच्या जातीला हे कशाला, असं नातेवाइकांचं म्हणणं. आधी बीएस्सी एव्हिएशन करावं का? मला काहीच सुचत नाहीये. – एक आई

उत्तर :

ताई, नमस्कार.

बुकिंगचे दोन लाख आत्ता भरू नका. मुलीचं स्वप्न चुकीचं आहे म्हणून नव्हे, तर या वाटेवर पहिला खर्च काही हजारांचा असतो आणि शेवटचा काही लाखांचा. सेमिनारवाले नेमकं उलट्या क्रमाने पैसे मागतायत.

सुरुवात मेडिकलपासून करा. डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, पायलटसाठी दोन पातळ्यांवर वैद्यकीय तपासणी करून घेतं. आधी क्लास टू, ती डीजीसीएने नेमलेल्या डॉक्टरांकडे होते. त्यानंतर क्लास वन, ती ठरावीक केंद्रांवरच होते, त्यात हवाई दलाची केंद्रंही आहेत. डोळे, कान, ईसीजी, रक्त-लघवी, छातीचा एक्स-रे असं सगळं बघतात. कमर्शियल लायसन्स, म्हणजे पगार घेऊन विमान चालवण्याचा परवाना, मिळतो तो क्लास वनवर, आणि ती पुढे नोकरीत असेपर्यंत दरवर्षी पास व्हावी लागते. क्लास वनचा कागद हातात आल्याशिवाय फ्लाइंग स्कूलला रुपयाही द्यायचा नाही, एवढं मिस्टरांना माझ्या नावाने सांगा.

आता चष्मा. नागरी विमान वाहतुकीत चष्मा चालतो. चष्मा लावून नजर ठरलेल्या मापाला यावी लागते, आणि तसं झालं की ‘चष्मा लावूनच उड्डाण, जवळ एक जादा चष्मा’ अशी अट लायसन्सच्या मेडिकलवर येते. नातेवाइकांच्या डोक्यात बहुधा हवाई दलातल्या लढाऊ वैमानिकाचे नियम आहेत, ते वेगळे. मात्र रंगांची ओळख हा खरा प्रश्न असतो आणि त्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. ठिपक्यांमधून आकडा ओळखायच्या इशिहारा चाचणीत अडखळणारी मुलं घरी कधीच लक्षात येत नाहीत, कारण त्यांना सिग्नलचा लाल-हिरवा रोजच्या सवयीने कळत असतो. मुलींमध्ये हा दोष फार कमी आढळतो, पण जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे या आठवड्यात बघून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. आणि नंबर घालवायचा म्हणून घाईने लेझर करून घेऊ नका. शस्त्रक्रियेचीही डीजीसीएच्या डॉक्टरांकडे वेगळी छाननी होते, त्यांना विचारल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही.

मेडिकलच्या जोडीने कागद. हे कंटाळवाणं आहे, पण मुलांचे महिने इथेच वाया जातात. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळी मांडणी, आधारवर वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये कुठेतरी एखादा ‘ए’ जास्तीचा. दहावी, बारावी, आधार, पासपोर्ट, चारही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर जुळवून बघा. दुरुस्ती करायची असेल तर ती आत्ता करा. बारावीचा निकाल लागला की डीजीसीएकडून कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, काढायचा असतो, त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. त्यासाठी बोर्डाकडून गुणपत्रिकेची पडताळणी लागते.

मग पेपर. एअर रेग्युलेशन्स (उड्डाणाचे नियम), मेटिऑरॉलॉजी (हवामान), नेव्हिगेशन (दिशा आणि मार्ग काढणं), टेक्निकल जनरल (विमानाची सर्वसाधारण माहिती) आणि टेक्निकल स्पेसिफिक (एका ठरावीक विमानाची माहिती). प्रत्येकात 70 टक्के लागतात. याशिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना, ज्याला मुलं नुसतं ‘आरटीआर’ म्हणतात. त्याची तोंडी परीक्षा भल्याभल्यांना घाम फोडते. हे सगळं विमानात पाऊल न ठेवता देता येतं, आणि माझं ठाम मत आहे की निदान रेग्युलेशन्स, मेटिऑरॉलॉजी आणि नेव्हिगेशन हे तीन पेपर फ्लाइंगला जाण्याआधी सुटलेले असावेत. पास झालेल्या पेपरांना मुदत असते एवढं मात्र लक्षात ठेवा, फ्लाइंग फार रेंगाळून चालत नाही.

पेपर आधी देण्याचा दुसरा फायदा असा, की मुलीला हे काम खरंच आवडतं का ते स्वस्तात कळतं. नेव्हिगेशनमधली एक साधी गोष्ट सांगते. 60 नॉटिकल मैल गेल्यावर विमान ठरलेल्या रेषेपासून एक मैल बाजूला दिसलं, तर दिशेची चूक एक अंशाची. 30 मैलांवर दोन मैल बाजूला असेल तर चार अंशांची. हे गणित कागदावर कुणीही करेल. कॉकपिटमध्ये ते एका हाताने विमान सांभाळत, कानात टॉवरचं बोलणं चालू असताना, मनातल्या मनात करायचं असतं. अशी गणितं सोडवताना तिला मजा वाटली तर बरं लक्षण आहे. फक्त टोपी, चार पट्ट्या आणि विमानासमोरचा फोटो डोळ्यांपुढे असेल, तर मेटिऑरॉलॉजीचं पुस्तक दोन महिन्यांत ते सांगून टाकतं.

आता त्या ‘18 महिन्यां’कडे येऊ. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी वय 18 पूर्ण लागतं आणि एकूण 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान 100 तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, त्यात 20 तास क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी. शिवाय 300 नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे किमान पाच तास, दहा टेकऑफ आणि दहा लँडिंग. आता भागाकार करा. महिन्याला 25 तास मिळाले तर 200 तास आठ महिन्यांत होतात, दहाच मिळाले तर 20 महिने लागतात. जाहिरातीतले महिने या एका आकड्यावर उभे असतात आणि नेमका तोच आकडा ब्रोशरमध्ये नसतो.

म्हणून फ्लाइंग स्कूल बघायला जाल तेव्हा रिसेप्शनवर बसू नका, हँगरपर्यंत, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडपर्यंत जा. विमानं किती आहेत हे विचारू नका, आज उडण्याच्या स्थितीत किती आहेत ते विचारा. कोपऱ्यात इंजिन काढून ठेवलेलं सेसना हेही त्यांच्या यादीत ‘विमान’ म्हणूनच मोजलेलं असतं. मुलं किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या पावसाळ्यात किती दिवस फ्लाइंग बंद होतं, रात्रीच्या उड्डाणाची सोय इथेच की दुसरीकडे जावं लागतं? सकाळी गेलात तर शिकाऊ मुलं पंखाखाली वाकून छोट्या पारदर्शक नळीत इंधन काढताना दिसतील. त्या निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा थेंब आहे का, हे प्रत्येक उड्डाणाआधी बघायचं असतं. त्या मुलांशी बोला. आत्तापर्यंत किती तास झाले आणि किती महिने झाले, एवढेच दोन प्रश्न. ऑफिसातल्या माणसापेक्षा खरं उत्तर तिथे मिळतं. डीजीसीएने 2025 पासून फ्लाइंग स्कूलची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली आहे, तीही बघून जा.

सरकारी संस्थेत शिकायचं तर उत्तर प्रदेशातल्या फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी आहे. तिथे प्रवेश परीक्षेतून घेतात, इंग्रजी, गणित, भौतिकशास्त्र, बुद्धिमापन असे विषय असतात. बारावीनंतर ती परीक्षा तिने द्यावीच. जागा कमी आहेत, पण तयारी कुठे वाया जात नाही. आपल्या राज्यातही गोंदिया, बारामती, धुळे इथे प्रशिक्षण चालतं. परदेशात तास लवकर पूर्ण होतात हे खरं, पण परत आल्यावर ते लायसन्स भारतीय करून घ्यायला परीक्षा आणि चाचण्या असतात. त्या खर्चाचा आणि वेळेचा हिशोब एजंट सांगत नाही.

पैशाचं बोलू. भारतात लायसन्सपर्यंतचा खर्च साधारण 50 लाखांच्या पुढेमागे धरा. पण लायसन्स म्हणजे नोकरी नव्हे. दोन इंजिनांच्या विमानाचं रेटिंग (म्हणजे ते उडवण्याची जादा परवानगी) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर काही दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची परवानगी) बहुतेक जण त्या 50 लाखांतच करतात. त्यानंतर ए320सारख्या एका विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, ते आणखी बरेच लाख. कंपनी कधी स्वतः करून देते आणि बाँड (ठरावीक वर्षं नोकरी सोडणार नाही असा करार) घेते, बहुतेकदा उमेदवारानेच भरायचे असतात. एअरलाइनच्या स्वतःच्या कॅडेट प्रोग्रॅममध्ये (कंपनीच मुलं निवडून शिकवते ती योजना) हे सगळं एकत्र येतं आणि आकडा कोटीच्या आसपास किंवा वर जातो. ‘हमी’ हा शब्द फार तर तिथे शोभतो, आणि तिथेही करारातल्या अटी वकिलाकडून वाचून घ्याव्यात. सेमिनारमधल्या मध्यस्थाची हमी म्हणजे बोलाचीच कढी.

2023 मध्ये इंडिगोने 500 विमानांची आणि एअर इंडियाने 470 विमानांची ऑर्डर जाहीर केली. हे आकडे त्या सेमिनारमध्ये तुम्हाला पडद्यावर दाखवले असतील. जेट एअरवेज एप्रिल 2019 मध्ये जमिनीवर आली आणि गो फर्स्ट मे 2023 मध्ये, हे बहुधा दाखवलं नसेल. कंपनी बंद पडली की हजारो तासांचा अनुभव असलेले पायलट बाजारात येतात, आणि 200 तासवाल्याची रांग लांबते. विमानं यायला वर्षं लागतात. मागणी आहे, मी नाही म्हणत नाही. पण लायसन्स आणि पहिला पगार यांच्यात वर्ष-दोन वर्षं गेली तर घर चालेल का, आणि त्या काळात लायसन्स चालू ठेवायचा खर्च निघेल का, हे आत्ताच कागदावर मांडा. नाही चालत असं उत्तर आलं, तर पीएफ आणि फ्लॅट या दोहोंपैकी एकालाही हात लावायचा नाही. चालेल असं आलं, तर माझी पसंती अशी : पीएफचा ठरावीक भाग, बाकी शैक्षणिक कर्ज, फ्लॅट बाहेर. आणि स्कूलला एकरकमी फी कधीच नाही. तासांच्या टप्प्यांनी हप्ते ठरवा, परताव्याची अट लेखी घ्या. जी संस्था याला नाही म्हणते, तिथून उठून या.

बीएस्सी एव्हिएशन लायसन्ससाठी लागत नाही. हातात पदवी असावी हे मला पटतं, पण ती आवडीच्या विषयात, दूरशिक्षणाने, पेपर आणि फ्लाइंग चालू असताना करावी. मेडिकल कधी बिघडलं तर ‘एव्हिएशन’ नावाच्या पदवीपेक्षा गणित, संगणक किंवा कॉमर्सची पदवी जास्त दारं उघडते.

नातेवाइकांचं मुलीबद्दलचं म्हणणं फार मनावर घेऊ नका. भारतातल्या पायलटांमध्ये सुमारे 15 टक्के महिला आहेत, जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त.

तिला एवढंच सांगा : बोर्डाची परीक्षा आधी. रोज अर्धा तास इंग्रजी मोठ्याने वाचायचं, कारण रेडिओवर स्पष्ट आणि न अडखळता बोलावं लागतं. नेत्रतज्ज्ञाची वेळ या आठवड्यात, क्लास टूची तपासणी बोर्डाची परीक्षा संपल्यावर लगेच. सेमिनारवाल्यांचा महिनाअखेरीस फोन येईल, ‘शेवटच्या दोन सीट’ म्हणतील. त्यांना क्लास वननंतर बोलू म्हणून सांगा. तेव्हाही सीट असतात.